भाडेपावतीवरचे नाव : कोयनाकाठच्या एका गावाचे मुंबईतील प्रकरण

घोडपदेवला एका जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, आमच्या गावाची खोली होती. दहा बाय बारा फुटांची, वर लाकडी माळा, भिंतीला ओळीने ठोकलेल्या खुंट्या आणि प्रत्येक खुंटीखाली एक पत्र्याची ट्रंक. साताऱ्याच्या डोंगराळ भागातील आणि कोकणातील अनेक गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या. गावचा पोरगा मुंबईला आला की स्टेशनावरून थेट खोलीवर यायचा, ट्रंक टेकवायचा आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी वडीलधारा त्याला गिरणीच्या फाटकावर किंवा दाणाबंदरच्या गोदामात घेऊन जायचा. आमच्याकडची बहुतेक माणसे गोदामात पोती वाहणारी. १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, पुढे धान्याचा बाजार वाशीला हलला आणि आमची निम्मी माणसे खाडीपलीकडे राहायला गेली, तरी खोली तशीच राहिली. रात्रपाळीचा माणूस उठला की दिवसपाळीचा त्याच्याच वळकटीवर आडवा व्हायचा. जेवण खाली खाणावळीत. या खोलीत बाईमाणसाने रात्र काढल्याचे मी कधी ऐकले नाही, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

खोलीची भाडेपावती कोणाच्या नावावर आहे, हे सत्तर वर्षांत कोणी विचारले नव्हते. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा ते पहिल्यांदा विचारले गेले. त्यानंतर जे घडले ते ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस म्हणून मी जवळून पाहिले आणि त्यात माझ्या हातून चुकाही झाल्या. कोयनेच्या काठावरच्या इतर गावांच्याही खोल्या मुंबईत आहेत आणि त्यांच्यापुढेही हाच पेच आज ना उद्या येणार आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. संबंधित माणसे हयात आहेत आणि सर्व काही अजून मिटलेले नाही, त्यामुळे गावाचे व कोणाचेही नाव देत नाही.

गाव आणि पाणी

हेळवाकजवळ कोयनेवर धरण झाले आणि १९६२ मध्ये पोफळीच्या बाजूला वीजनिर्मिती सुरू झाली. पाणी अडल्यावर जो जलाशय तयार झाला त्याला शिवसागर म्हणतात. धरणाच्या भिंतीपासून उत्तरेला तापोळ्याकडे तो सुमारे ५० किलोमीटर लांब पसरला आहे आणि त्याची साठवणक्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. पर्यटकाला तापोळ्याच्या धक्क्यावर उभे राहून कोयना, सोळशी आणि कांदाटी या खोऱ्यांचे पाणी एकत्र आलेले दिसते. काठावरच्या माणसाला त्याच पाण्यात खाचरे, वाटा, पार, विहिरी आणि देवळे दिसतात.

आमचे गाव पश्चिमेकडच्या काठावर आहे. मूळ गावठाण नदीलगत सपाटीवर होते आणि वर डोंगराच्या कुशीत एक लहान वाडी होती. पाण्याखाली गावठाण गेले, वाडी राहिली. ज्यांची थोडीफार वरकस जमीन वर होती ते वाडीला सरकले. ज्यांचे सगळेच बुडाले त्यांना सरकारने दूर जमिनी दिल्या. कोयनेचे विस्थापित सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा अनेक जिल्ह्यांत विखुरले. आमच्या गावची काही घरे सोलापूर जिल्ह्यात गेली. पाच हजार मिलिमीटर पावसात नाचणी, वरी आणि भाताची आवणी करणारी ही माणसे पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या काळ्या रानात ज्वारी पेरायला शिकली. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये झाला. आमची माणसे त्याच्या कितीतरी आधी उठली होती, त्यामुळे कोणाला काय मिळाले हे ज्याच्या त्याच्या नशिबावर आणि धावपळीवर राहिले.

वाडीला राहिलेल्यांचे आयुष्यही सोपे नव्हते. १९६७ च्या डिसेंबरातला भूकंप त्यांनी सोसला. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आले आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, त्यामुळे खोऱ्यातील काही गावांना पुन्हा एकदा उठण्याचा प्रश्न पडला. तालुका महाबळेश्वर, पण तिकडे जायचे तर मध्ये पाणी; कांदाटी खोऱ्यातल्या काही गावांना तर रघुवीर घाट उतरून कोकणातले खेड गाठणे सोयीचे पडते. आजारी माणसाला डोलीत घालून काठापर्यंत आणायचे आणि लाँचची वाट पाहत बसायचे, हे आमच्या पिढीपर्यंत सर्वांनी केले आहे.

पाण्याची पातळी स्थिर नसते, हे या काठाचे वैशिष्ट्य इथे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचा भाग कळणार नाही. भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते. पावसाळा संपला की विजेसाठी आणि सिंचनासाठी पाणी उतरू लागते. १९९९ आणि २०१२ मध्ये जलाशयाखालून बोगदा काढून लेक टॅपिंग झाले, त्यानंतर आणखी खालच्या पातळीपर्यंतचे पाणी वापरता येऊ लागले. पाणी हटले की गाळाची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. माणसे तिच्यावर पीक घेतात आणि बुडालेल्या बांधांच्या खुणांवरून कोणाचे रान कुठे होते ते अजून अचूक सांगतात. उन्हाळ्याच्या अखेरीला घरांची जोतीही वर येतात. ज्यांनी ती घरे पाहिलीसुद्धा नाहीत अशी वाडीची पोरे "हे गुरवाचं, हे पाटलाचं" असे न अडखळता दाखवतात.

वहीतला शेरा

पुनर्विकास करणाऱ्याने भाडेकरूंची यादी लावली तेव्हा आमच्या खोलीसमोर एका अशा माणसाचे नाव होते, जो चाळीस वर्षांपूर्वी वारला होता. गाव पाण्याखाली जाण्याच्या दहाएक वर्षे आधी, पागडी भरून खोली घेताना, गावकीने त्याच्या नावावर पावती करून घेतली होती. तो लिहिता-वाचता होता, मुकादम होता, घरमालकाशी बोलू शकत होता. तेवढेच कारण. पागडीचे पैसे मात्र सगळ्या घरांनी भरले होते आणि भाडे कायम मंडळाने भरले. घरमालकाचा माणूस वर्षानुवर्षे त्याच नावाने पावती फाडत राहिला आणि आम्ही ती फाइलला लावत राहिलो.

कायद्याची बाजू आम्हाला वकिलांनी एका बैठकीत समजावली. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. तसे कोणी राहत नसेल तर वारसाकडे. गावकी नावाचा भाडेकरू कायद्याला ठाऊक नाही. म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या खोलीच्या बदल्यात मिळणारे किमान ३०० चौरस फुटांचे घर त्या माणसाच्या वारसांचे. आणि हे कुटुंब सोलापूर जिल्ह्यात गेलेल्यांपैकी होते. त्याने स्वतः मुंबई सोडून तिकडेच शेवटचे दिवस काढले होते.

त्या रात्री मंडळाची बैठक दोन वाजेपर्यंत चालली. एक मत असे निघाले की कमिटीतील एकाने आपण मयताचे पुतणे असून त्यांच्यासोबत राहत होतो, असे प्रतिज्ञापत्र करावे. शेजारी साक्ष देतील. हे मत मांडणारा माणूस लबाड नव्हता. त्याची खरोखरच अशी समजूत होती की खोली गावाची आहे, गाव म्हणजे आपण, आणि खोट्या कागदाने खरी गोष्ट वाचत असेल तर त्यात पाप नाही. मी विरोध केला. पण माझाही विरोध त्या वेळी मुख्यतः भीतीपोटी होता, हे आज कबूल करायला हवे. मला फौजदारी प्रकरणाची धास्ती वाटत होती. सोलापूरच्या माणसांचा काही हक्क आहे, हा विचार माझ्याही मनात आलेला नव्हता.

तो आला जुन्या वह्या काढल्यावर. पागडीत प्रत्येक घराने किती भरले याचा पुरावा मिळतो का हे पाहण्यासाठी माळ्यावरची ट्रंक उतरवली. लाल कापडी बांधणीच्या पाच वह्या निघाल्या. पहिल्या वहीत ३८ घरांची नावे, प्रत्येकापुढे महिन्याची वर्गणी, जांभळ्या शाईत. आकडे वळणदार, बेरजा चोख. त्यांत वाडीची आणि खालच्या गावठाणाची घरे सरमिसळ होती. एकच यादी होती. तिसऱ्या वहीत यादी नव्याने लिहिली होती आणि तिथे ११ नावांवर एक आडवी रेघ मारून समासात दोन शब्द लिहिले होते : "गाव सोडले."

मी त्या दोन शब्दांकडे बराच वेळ पाहत राहिलो. अक्षर माझ्या आजोबांचे होते. ते वाडीचे. त्यांच्या मनात वाईट काही असेल असे मला वाटत नाही. वर्गणी येणे बंद झाले होते, हिशेब लिहिणाऱ्याला काहीतरी कारण लिहावे लागते, त्यांनी लिहिले. पण त्या ११ घरांनी गाव सोडले नव्हते. गावाने त्यांच्या पायाखालून जमीन काढून घेतली असेही नाही. पाणी चढले होते. आणि वर राहिलेल्यांनी, ज्यांचे नशीब अमुक फूट उंचीवर असल्यामुळे वाचले, त्यांनी पन्नास वर्षे "ते सोडून गेले" असेच बोलत राहून ते खरे करून टाकले होते. लग्नपत्रिका बंद झाल्या होत्या. यात्रेचे निमंत्रण जात नव्हते. भावकीतल्या सुतकाचा निरोपसुद्धा जात नव्हता. आमच्या गावच्या स्वभावाबद्दल लोक चांगले बोलतात : मायाळू, पाहुण्याला अर्ध्या रात्री भाकरी टाकणारी, एकमेकांना धरून असणारी माणसे. ते सगळे खरे आहे. पण धरून असण्याची ही रेघ कुठून कुठपर्यंत, हे आम्ही कधी तपासले नव्हते.

सोलापूरची भेट

आम्ही तिघे गेलो. मंडळाचे अध्यक्ष, वाडीचे एक वयस्क आप्पा आणि मी. बरोबर पहिली वही घेतली होती. मयताचे दोन नातू तिथे शेती करतात. आम्ही कोण ते सांगितल्यावर थोरल्याने ओटीवर घोंगडे अंथरले, पाणी दिले आणि गप्प बसला. आम्ही खोलीचे सगळे खरे सांगितले : घर कायद्याने तुमचे आहे, पैसे सर्वांचे आहेत, आणि गेली पन्नास वर्षे आम्ही तुम्हाला विचारलेले नाही. हे शेवटचे वाक्य बोलायचे आधी ठरले नव्हते. ते आप्पांच्या तोंडून निघाले.

थोरल्याने वही मागितली. आजोबांचे नाव शोधले, त्यावर बोट ठेवले, मग धाकट्याला दाखवले. त्यांच्या आईने आतून विचारले, "उखळ हाय का अजून?" आम्हाला कळेना. मग तिने सांगितले की सासूबाई मरेपर्यंत एका उखळाबद्दल बोलत. अंगणात जमिनीत पुरलेले दगडी उखळ. घर मोडून वासे, कौले, दारे, जाते सगळे नेले, पण ते उखळ निघेना. पाणी आले तेव्हा ते तिथेच राहिले. "भात कांडायचं उखळ आणि इथं भातच न्हाई, म्हणून कुणी परत आणाया गेलं न्हाई," असे ती म्हणाली.

त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि जलाशय खूप उतरला होता. आम्ही परत आल्यावर पंधरा दिवसांनी मी वाडीला गेलो आणि आप्पांना घेऊन गाळपेरातून खाली चालत गेलो. वरची जमीन भेगाळलेली होती, खाली उतरावे तसा गाळ मऊ होत गेला, चपला हातात घ्याव्या लागल्या. जोते सापडले. चारी बाजूंचे घडीव दगड जागेवर होते, पायरी होती, आणि पायरीपासून चार हातांवर, गाळाने काठोकाठ भरलेले, तळहाताएवढे गोल तोंड दिसत होते. आप्पांनी बोटांनी गाळ उकरला. आतून बारीक गोगलगायींची शिंपले निघाली, मग गुळगुळीत दगड लागला. उखळाच्या काठावर एका बाजूला घासल्याची खोलगट खूण होती. मुसळ उभे करून टेकवायची जागा असेल. मी मोबाइलवर फोटो काढून सोलापूरला पाठवला. उत्तर आले नाही, पण अर्ध्या तासाने फोन आला आणि पलीकडून थोरला म्हणाला की आईला रडू आवरत नाही, नंतर बोलतो.

नातवांनी एकच गोष्ट मागितली. यात्रेत भैरवनाथाची पालखी पूर्वी गावठाणातल्या प्रत्येक घरापुढे थांबायची आणि त्यांच्या घराला ओटी भरायचा पहिला मान होता. पाणी आल्यापासून पालखी वाडीतल्या वाडीत फिरून देवळात येते. "खोलीचं काय ते गावानं ठरवावं. आमच्या जोत्यावर पालखी थांबू द्या." मला ही मागणी लहान वाटली आणि मी तसे मंडळात बोलूनही गेलो. आप्पांनी मला थांबवले. मान परत देणे म्हणजे त्यांना गावात परत घेणे, आणि ते खोलीपेक्षा मोठे आहे, हे त्यांना माझ्याआधी कळले होते.

आत्या

इथे आमची दुसरी चूक उघडी पडली. कागदपत्रे घेऊन वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारले, मयताला मुलगी नव्हती का? होती. पुण्याला दिलेली, आता सत्तरी ओलांडलेली. तिची गाठ घेणे आम्हा कोणाच्या डोक्यातही आले नव्हते. वारसांमध्ये मुलीचा हक्क मुलाइतकाच असतो हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. वर्तमानपत्रात वाचलेले होते. पण गावकीच्या वहीत घर म्हणजे कर्त्या पुरुषाचे नाव, आणि लग्न होऊन गेलेली मुलगी म्हणजे त्या वहीतून आपोआप वजा, ही सवय इतकी मुरलेली होती की सोलापूरला पश्चात्ताप व्यक्त करून आलेली आम्हीच माणसे हिला सरळ विसरलो.

मी एकटाच भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि सही करायला नकार दिला. "लेकरा, तुझ्या त्या वहीत माझं नाव कवा होतं का? मग आता सहीपुरतं कशाला लागतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मग त्या बोलत राहिल्या. त्यांच्या लहानपणी गावठाणातली शाळा चौथीपर्यंत होती. पुढे शिकायचे तर मुंबई, आणि मुंबईत खोली होती, वडिलांच्याच नावावर, पण ती पुरुषांची. धाकटा भाऊ तिथे राहून मॅट्रिक झाला. यांना गाव उठायच्या वर्षी चौदाव्या वर्षी उजवून टाकले, कारण नव्या मुलखात उपवर पोर घेऊन कुठे जायचे. हे सगळे त्यांनी कुठलाही राग न दाखवता सांगितले. त्यांची अट अशी की नवे घर झाले तर तिथे गावच्या मुलींना शिकायला राहता आले पाहिजे, आणि गावातून बाहेर दिलेल्या मुलींच्या लेकींनाही.

आमच्या मंडळात या अटीवर जितका विरोध झाला तितका आधीच्या कुठल्याच गोष्टीवर झाला नव्हता. पालखीचा मान देण्याला सगळे हळवे होऊन तयार झाले होते. मुलींच्या राहण्याचा प्रश्न आला आणि जबाबदारी कोण घेणार, पोरी रात्री उशिरा आल्या तर काय, खोली पोरांसाठीच घेतली होती, दुसऱ्या गावच्या लेकी आमच्या कशा, अशा एकेक शंका निघाल्या. काही शंका व्यवहारी होत्या आणि त्यांना उत्तरे शोधावी लागतील. पण बऱ्याच शंका या फक्त सवयीच्या होत्या. वाडीहून बैठकीला आलेल्या दोन बाया कोपऱ्यात बसल्या होत्या. मंडळाच्या बैठकीला बायका येण्याची ती पहिलीच वेळ. त्यांतली एक शेवटी एवढेच म्हणाली की गावात कॉलेजला जाईल अशी पोरे आता दोनच आहेत आणि दोन्ही मुली आहेत. त्यानंतर चर्चा थोडक्यात आटोपली.

ठराव आणि त्यातली कच्ची बाजू

जे ठरले ते असे. नवे घर वारसांच्याच नावावर राहील. मंडळाच्या नावावर बक्षीसपत्र करायचे तर बाजारभावावर मुद्रांक शुल्क भरावे लागले असते आणि तेवढे पैसे कोणाकडेच नव्हते. वारस आणि मंडळ यांच्यात लेखी करार झाला की घराचा उपयोग गावकीच्या ठरावाप्रमाणे होईल आणि त्याबाबतच्या निर्णयात ३८ घरांना सारखे मत असेल. वकिलांनी आम्हाला स्पष्ट सांगितले की उद्या पुढच्या पिढीतल्या कोणी हा कागद मोडायचा म्हटले तर न्यायालयात तो किती टिकेल याची खात्री देता येत नाही. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी शब्दावर उभी राहिलेली खोली आजही बहुतांशी शब्दावरच उभी आहे. फरक इतकाच की या वेळी शब्द कोणी कोणाला दिला ते आम्ही लिहून ठेवले.

इमारत पाडली आहे आणि पर्यायी जागेपोटी दरमहा भाडे येते आहे. त्याचे काय करायचे यावर पुन्हा दोन तट पडले : काहींना देवळापुढे सभामंडप हवा होता, वाडीच्या लोकांना इंजिनाची होडी हवी होती. मुंबईत राहणाऱ्याला गाव आठवते ते यात्रेत, त्यामुळे त्याला देऊळ मोठे व्हावेसे वाटते. बारा महिने तिथे राहणाऱ्याला रात्री छातीत कळ आलेला माणूस पलीकडे न्यायचा असतो. तापोळ्याजवळ जलाशयावर पुलाचे काम काढले गेले असले तरी आमच्या वाडीपासून तिथवर जायचे तर आधी पाणी किंवा बराच कच्चा रस्ता आहेच. सोलापूरच्या घरांनी होडीच्या बाजूने मत दिले. ज्यांना त्या होडीत बसण्याची वेळ कधी येणार नाही त्यांच्या मतांवर होडीचा ठराव झाला, ही गोष्ट वाडीच्या लोकांच्या मनाला फार लागली, आणि माझ्या मते त्या दिवसापासून समासातला तो शेरा खऱ्या अर्थाने पुसला गेला. वहीत तो आम्ही खोडलेला नाही. त्याखाली नव्या शाईत तारीख घालून "गावठाण पाण्याखाली गेल्याने स्थलांतर" असे लिहिले आहे आणि नव्या यादीत प्रत्येक घरापुढे मुलींची नावे घालायला सुरुवात केली आहे. ते काम मोठे आहे. कित्येक घरांत आजोबांच्या बहिणी कुठे दिल्या हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

पुण्याच्या आत्यांनी ठरावाची प्रत हातात घेऊन पूर्ण वाचली, मग सही केली. धाकट्या नातवाने मात्र दुसऱ्या कागदावरची सही अजून केलेली नाही. त्याला मुलाच्या शिक्षणासाठी पैशांची निकड आहे आणि आपल्या वाट्याचे रोख मिळावे असे त्याला वाटते. त्याला लोभी म्हणणारे मंडळात आहेत. मी म्हणत नाही. कोरडवाहू चार एकरांवर घर चालवणाऱ्याला मुंबईतल्या ३०० चौरस फुटांकडे पाहून काय वाटत असेल ते पाठीवर पोती वाहिलेल्या माणसांच्या पोरांना कळायला हवे. त्याच्या मुलाची फी मंडळाने उसनी भरावी की मदत म्हणून भरावी, यावर बोलणे चालू आहे.

यात्रा

चैत्रातल्या यात्रेला ११ पैकी सात घरांची माणसे आली. काहींनी पहिल्यांदाच गाव पाहिले. अडचण एकच झाली : आदल्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता आणि पाणी अजून उतरलेले नव्हते. जोते वर आले नव्हते. अंदाजे दीड पुरुष पाण्याखाली होते. तिथी पुढे ढकलता येत नाही आणि पाण्याला घाई करता येत नाही. गुरवाने सुचवले की काठावर, जोत्याच्या दिशेला तोंड करून पालखी थांबवावी. आत्या म्हणाल्या, "काठावर तर आम्ही पन्नास वर्सं उभी हाये."

मग पालखी होडीत ठेवली. ढोल काठावर राहिले, फक्त एक सनईवाला आणि मानकरी चढले, आणि आत्यांना दोघांनी हात धरून बसवले. खुणा आप्पांनी सांगितल्या : समोरच्या डोंगराची खिंड आणि वाडीवरचे जांभळीचे झाड एका रेघेत आले की डावीकडे वळायचे, देवराईचा कोपरा दिसेनासा झाला की इंजिन बंद करायचे. होडीवाल्या पोराने इंजिन बंद केले. होडी थोडी वाहत पुढे गेली. आत्यांनी पाण्याकडे न पाहता डोंगराकडे पाहिले, मग मागे वाडीकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "जरा मागं घे. हे गुरवाचं अंगण हाये." पोराने वल्हे मारले. होडी दोन हात मागे सरकली.

"हां. हितं."

त्यांनी ओटी भरली, नारळ पाण्यात सोडला, आणि पदराच्या गाठीतून मूठभर भात काढून त्याच जागेवर टाकला.